"एकही भविष्यवाणी खोटी ठरली नाही" हा मेसेज पाठवणाऱ्यांना

चार दिवस झाले, आमच्या गिरगावातल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, मावशीच्या भजनी मंडळात, सगळीकडे तोच मेसेज. फ्रेंच ज्योतिषी नॉस्ट्रडॅमसने हिटलर आणि ९/११ आधीच लिहून ठेवलं होतं, आपल्या भविष्य पुराणात पाच हजार वर्षांपूर्वीच इंग्रजांचं राज्य आहे, सगळ्या धर्मांचे प्रेषित भविष्यच सांगायचे, आणि आजवर एकही भविष्यवाणी खोटी ठरलेली नाही, म्हणून मुंबई बुडणार हेही खरं होणार. शेजारच्या काकू हे वाचून रात्रभर जाग्या होत्या, मुलगा नुकताच वरळीला जॉबला लागलाय त्यांचा. म्हणून लिहितेय.

आधी नॉस्ट्रडॅमस. त्याचं पुस्तक १५५५ सालचं, त्यात "हिस्टर" असा शब्द येतो तोच हिटलर म्हणून दाखवतात, पण हिस्टर हे डॅन्यूब नदीचं जुनं लॅटिन नाव आहे. आणि दोन भाऊ कोसळतात, मोठा गडगडाट होतो वगैरे ९/११ च्या ज्या ओळी फिरतात त्या त्याच्या नाहीतच. कॅनडातल्या एका स्टुडंटने १९९७ मध्ये निबंधात लिहिल्या होत्या, मोघम ओळी कशाही कुठेही बसवता येतात हे दाखवायला!! २००१ नंतर कोणीतरी त्या उचलल्या, मागेपुढे जोडलं आणि नॉस्ट्रडॅमसच्या नावावर खपवलं.

भविष्य पुराणाचं मला जास्त लागतं कारण ते आपलं आहे. पुराण जुनं आहे यात वाद नाही, पण इंग्रजांचा भाग ज्या प्रतिसर्गपर्वात येतो त्यातच एक ओळ आहे, "रविवारे च सण्डे च फाल्गुने चैव फर्वरी". संडे आणि फेब्रुवारी! हे पाच हजार वर्षांपूर्वी कोणी कसं लिहील? अभ्यासक सांगतात की या पर्वात अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत भर पडत गेली, म्हणजे इंग्रज आल्यावर कोणीतरी इंग्रजांबद्दल लिहिलं. आणि हे पुराण १८९७ साली छापलं कुठे, तर आपल्या मुंबईतच, वेंकटेश्वर प्रेसमध्ये. ज्याने ती भर घातली त्याला आपल्या काळात काय उलथापालथ चाललीय ते पुराणाच्या भाषेत समजून घ्यायचं असेल, ते वाचण्यासारखंच आहे, पण त्याला चमत्काराचा पुरावा केलं की पुराणाचीच किंमत जाते असं मला मनापासून वाटतं.

एकही खोटी ठरली नाही? फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही घरातल्या मोठ्यांना विचारा. आठ ग्रह मकरेत एकत्र, जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले, आई तेव्हा सात वर्षांची, आजीने तिला तीन दिवस घराबाहेर सोडलं नव्हतं. काही झालं नाही. जग संपणार म्हणून गाजलेला २१ डिसेंबर २०१२ तर आपण सगळ्यांनीच पाहिला.

आता प्रेषित भविष्यच सांगायचे हा मुद्दा, हा सगळ्यात चुकीचा आहे. आपल्याकडे कोकणातून आलेले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल आहेत, ते शुभकार्याला मलिदा करतात, पोहे नारळ साखर फळं, आणि एलियाहू हन्नावीची आठवण काढतात. हा एलिया संदेष्टा कोण? अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तो वडिलोपार्जित जमीन देईना, तर राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार मारवलं आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. तिथे एलिया समोर जाऊन उभा राहिला, की तू खून केलास आणि आता ताबाही घेतोस? शिक्षा होणार हे त्याने सांगितलं, पण राजा नमला तेव्हा देवाने ती त्याच्या हयातीपुरती पुढे ढकलली. योना या दुसऱ्या संदेष्ट्याचंही तसंच, चाळीस दिवसांत निनवे शहर नष्ट होईल म्हणाला, लोक सुधारले, शहर वाचलं. मेसेजच्या हिशोबाने ही भविष्यवाणी फेल, पण योनाची गोष्ट सांगतात ती शहर वाचलं म्हणूनच ना. आपल्या गावी देवाला कौल लावतात तेव्हासुद्धा कोणी तारीख पाठ करायला जात नाही, आता काय करू हे विचारायला जातात.

आणि मुंबई बुडण्याचं म्हणाल तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीच्या काठचे लोक गळ्याएवढ्या पाण्यात होते. त्या पाण्याचं उत्तर अरुंद झालेल्या नदीत, भराव टाकलेल्या खाडीत आणि तोडलेल्या खारफुटीत शोधावं लागतं, श्लोकात नाही. हे ओरडून सांगणारे आजही आहेत, त्यांचे मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

ज्यांनी तो मेसेज टाकलाय त्यांनी प्लीज त्याच ग्रुपवर एवढं लिहा की ९/११ च्या ओळी १९९७ च्या आहेत. काकूंना मी सांगितलंय, पण तुमच्याकडून आलं तर त्यांना जास्त पटेल.