चूक सापडली, मग औषध कुठे आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कर्करोगावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. तुमच्या २३ वर्षांच्या भाचीच्या गुडघ्यामागे हीच गाठ निघाली आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘एका जनुकीय चुकीमुळे बटण चालू स्थितीत अडकून बसतं’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत की चूक कळून चाळीस वर्षं होत आली, रक्ताच्या एका कर्करोगाला अशाच चुकीवर गोळी मिळाली, मग इथे का नाही? औषध नसेल तर जनुकांचे हे पाढे रुग्णाच्या काय कामाचे? ‘सायनोव्हियल’ हे नाव सांध्याच्या अस्तराचं आणि मी म्हणते अस्तराशी संबंध नाही, तर खरं कोण? आणि शेवटच्या ओळीत, लहानपणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं, त्यातून तर हे झालं नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. मार लागल्यामुळे हा कर्करोग होतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. मार लागलेल्या जागेकडे आपलं लक्ष जातं आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते, असं मात्र होतं. हा बदल आईवडिलांकडूनही येत नाही. तो तिच्या शरीरातल्या एखाद्या पेशीत, तिच्या जन्मानंतर कधीतरी घडला. खाण्यापिण्यात काही चुकलं, तिला कुणी जपलं नाही, असा सल घरात कुणी बाळगू नका.

आता बटणाबद्दल. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. ती उपमा चुकीची होती आणि तुमचा प्रश्न नेमका तिच्यातूनच निघाला आहे.

रक्ताच्या ज्या कर्करोगाचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्या सीएमएलमध्ये दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडप्रथिन तयार होतं. ते एक विकर (एन्झाइम) आहे आणि त्याचं काम खरोखरच बटणासारखं चालतं. त्याला ऊर्जेचा रेणू बसायला एक खाच असते. तुम्ही म्हणता ती गोळी, इमॅटिनिब, त्याच खाचेत जाऊन बसते आणि बटण बंद होतं. तरीही त्या आजाराचं विचित्र गुणसूत्र पहिल्यांदा दिसलं १९६० मध्ये आणि गोळी मंजूर झाली २००१ मध्ये. एकेचाळीस वर्षं, आणि तीही खाच असताना.

सायनोव्हियल सार्कोमातही अदलाबदलच होते, एक्स आणि १८ या गुणसूत्रांमध्ये. ती १९८०च्या दशकाच्या मध्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसली आणि १९९४ मध्ये जोडलेली जनुकं हाती लागली. १८व्या गुणसूत्रावरचं एसएस१८ आणि एक्सवरचं एसएसएक्स. मूळ एसएस१८ प्रथिनाच्या शेपटाकडची फक्त ८ अमिनो आम्लं गळतात आणि त्या जागी एसएसएक्सची ७८ येऊन चिकटतात. बदल एवढाच. गाठीतल्या बाकीच्या डीएनएमध्ये सहसा फारशी मोडतोड नसते, आणि मला या आजाराची हीच गोष्ट सर्वात अस्वस्थ करते.

एसएस१८ स्वतः विकर नाही. ते बीएएफ नावाच्या डझनभर प्रथिनांच्या एका यंत्राचा सुटा भाग आहे. आपला डीएनए रिळावर दोरा गुंडाळावा तसा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ही रिळं सरकवून हवी ती जनुकं मोकळी करणं हे बीएएफचं काम. याच्या उलट काम करणारी दुसरी टोळी म्हणजे पॉलिकोम्ब. स्नायूच्या पेशीत मेंदूची जनुकं चालायला नकोत, म्हणून ती बंद ठेवायची आणि त्या जागेच्या रिळांवर एक रासायनिक खूण उमटवायची. घराला सील ठोकतात, तसंच.

एसएसएक्सच्या शेपटीला नेमकी ही सीलची खूण ओळखता येते. ती शेपूट बीएएफला चिकटली की सगळं यंत्रच सील ठोकलेल्या दारांपाशी खेचलं जातं आणि जी जनुकं त्या पेशीने कधीच वाचायची नव्हती ती उघडली जातात. शिवाय २०१३ मध्ये सिगाल कडोच आणि जेराल्ड क्रॅबट्री या संशोधकांनी दाखवलं की हे जोडप्रथिन यंत्रातल्या निरोगी एसएस१८ला बाहेर ढकलतं आणि त्याच्यासोबत बीएएफ४७ हा, गाठी रोखणारा म्हणून ओळखला जाणारा भागही निसटतो. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये निरोगी एसएस१८चं प्रमाण खूप वाढवलं, तर यंत्र पुन्हा पूर्ववत जुळतं, हेही त्यांना दिसलं. म्हणजे बिघाड कायमचा नाही. हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला झोप लागली नव्हती.

पण औषध बनवायचं तर धरायचं कशाला? या जोडप्रथिनाला सीएमएलसारखी खाच नाही. त्याचा बराचसा भाग ठरावीक आकार नसलेला, लवचीक आहे. आणि अख्खं यंत्र बंद करावं तर ते शरीरातल्या प्रत्येक पेशीला लागतं. म्हणून संशोधकांनी बाजूच्या वाटा धरल्या. बीएएफ४७ निसटतं हे धरून पॉलिकोम्बच्या एका विकराला रोखणारं टॅझेमेटोस्टॅट हे औषध वापरून पाहिलं. एपिथेलिऑइड सार्कोमा या दुसऱ्या एका सार्कोमासाठी ते २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण सायनोव्हियल सार्कोमात त्याने निराशा केली. मग कळलं की या पेशी बीएएफच्याच एका प्रकारातल्या बीआरडी९ या भागावर जगतात. ते प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवून घेणारी औषधं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली, पण त्यातल्या एकात हृदयाच्या लयीवर गंभीर परिणाम दिसला. ही वाट मी अजून बंद झालेली मानत नाही.

सर्वात मोठं यश आलं ते वेगळ्याच दिशेने. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत अफामी-सेल या उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, गाठीच्या पेशींमधलं मेज-ए४ हे प्रथिन ओळखायला शिकवून त्या परत द्यायच्या. ४४ रुग्णांमध्ये सुमारे ४३ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. केमोथेरपी होऊनही आजार पसरलेल्या लोकांमधला हा आकडा आहे, तो छोटा समजू नका. पण त्यासाठी रुग्णाचा एचएलए-ए२ हा ऊतीगट विशिष्ट उपप्रकारांचा लागतो. मंजुरीच्या यादीत ०२:०१, ०२:०२, ०२:०३ आणि ०२:०६ आहेत. भारतीयांमध्ये बऱ्याच प्रमाणात आढळणारा ०२:११ त्या यादीत नाही. यावर आपल्याकडे बोललं जायला हवं आणि मी स्वतंत्र लेख लिहिणार आहे.

तर ‘पाढ्यां’चा उपयोग काय? मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत फिश तपासण्या (जनुकांना चमकते रंग लावून ती तुटली आहेत का ते पाहणाऱ्या) बघते, म्हणून माझ्या टेबलावरचंच सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीच्या पेशी बहुधा लांबट, एकसारख्या, दाटीने बसलेल्या दिसतात. मज्जातंतूंच्या आवरणाच्या कर्करोगाच्या पेशीही तशाच दिसतात, आणखी दोनचार गाठींच्याही. नुसत्या नजरेवर अनुभवी माणूसही फसतो. मग आम्ही एसएस१८ जनुकाच्या दोन्ही बाजूंना दोन रंगांचे ठिपके चिकटवतो. निरोगी पेशीत लाल-हिरवे ठिपके खेटून असतात. जनुक तुटलं असेल तर ते फाकतात. अंधाऱ्या खोलीत एकेक पेशी मोजत बसावं लागतं, पण शेवटी संशयाला फारशी जागा उरत नाही. आता जोडप्रथिनालाच ओळखणारा प्रतिपिंडही आला आहे. आणि नाव नक्की होण्याला महत्त्व आहे, कारण या गाठी इफॉस्फामाइडसारख्या केमोला इतर बऱ्याच सार्कोमांपेक्षा बरा प्रतिसाद देतात.

नावाचा घोळ जुना आहे. सांध्याजवळच्या या गाठींमध्ये काही ठिकाणी फटी दिसतात, त्या अस्तरासारख्या वाटल्या, म्हणून नाव पडलं आणि ते जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही टिकून राहिलं. तुमचे डॉक्टर ते नाव वापरतात ते योग्यच करतात. पण ही गाठ फुप्फुसात, मूत्रपिंडात, मानेतही होते, आणि खुद्द सांध्याच्या पोकळीत क्वचितच. २००७ मध्ये मारिओ कापेक्की या शास्त्रज्ञांच्या गटाने उंदरांच्या स्नायू घडवणाऱ्या अपरिपक्व पेशींमध्ये हे जोडजनुक सुरू केलं, तर तशाच गाठी झाल्या. माणसात ती नेमकी कुठल्या पेशीतून सुरू होते, हा प्रश्न मात्र अजून उघडा आहे.

भाचीच्या रिपोर्टमध्ये ‘एसएसएक्स२’ (एसएसएक्सच्या प्रकारांपैकी एक) लिहिलंय आणि इंटरनेटवर दोन ठिकाणी उलटसुलट वाचलं, असंही तुम्ही म्हणता. १९९८ मधल्या एका अभ्यासात एसएसएक्स२वाल्या रुग्णांचं बरं चाललेलं दिसलं. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो फरक सगळीकडे टिकला नाही. त्या आकड्यावर ना आशा बांधा ना धसका घ्या. गाठ किती मोठी आहे, किती खोल आहे, पसरली आहे का, आणि कडेला निरोगी ऊतीचा थर ठेवून ती पूर्ण काढता येते का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे असं तुम्ही लिहिलंय. ती सार्कोमाची सवय असलेल्या टीमकडेच होऊ द्या; मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हाडं आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी वेगळा विभाग आहे. चरबीची गाठ समजून घाईने काढलेली आणि कडेला पेशी उरलेली अशी प्रकरणं आमच्याकडे येतात, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी करावी लागते. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक सोबत घेऊन जा, दुसऱ्या मतासाठी तेच लागतात.

मूळ लेखातलं बटणाचं वाक्य मी आज काढलं आहे. त्या जागी सीलचा परिच्छेद घातला आहे आणि ही दुरुस्ती एका वाचकामुळे झाली, असं वर लिहिलं आहे.