संशोधक मुलीच्या घरची भांडी

महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या मागे राहिलेल्या समाजांसाठीच्या सरकारी संस्थांच्या पीएचडी फेलोशिपचा वाद पेटला की इथे जर्मनीत बसून मी बातम्या वाचत राहते. डिसेंबर २०२३ मध्ये अजित पवारांनी विधिमंडळात विचारलं होतं, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार? त्याच सुमारास प्रत्येक संस्थेला दोनशे जागांची मर्यादा आली. तेव्हापासून चर्चा एकाच जागी अडकली आहे: किती जणांना द्यायचं, आणि ते लायक आहेत का.

फेलोशिप मंजूर झाल्यावर पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही याचा मला राग येतो. कागदावर महिना ३७ हजार. हातात येताना महिनोन्‌महिने रखडतात. घरी नोकरीचा आधार असेल तर पोरं तग धरतात. घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुलगी गावी परतते, आणि तिथे लग्नाची बोलणी तयारच असतात.

इथल्याच ट्युबिंगेन शहरातल्या जीवशास्त्रज्ञ क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड यांना फळमाशीच्या गर्भावरच्या कामासाठी १९९५ मध्ये नोबेल मिळालं. २००४ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं. लहान मुलं असलेल्या तरुण संशोधक बायकांना ते पैसे देतं, ते घरकामासाठी! कामाला बाई ठेवा, संध्याकाळी मूल सांभाळायला कुणी बघा, डिशवॉशर घ्या. हुशार बाई वेळेअभावी विज्ञान सोडते, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे हा वेळ आई, सासू नाहीतर कामवाली देते. जिची आईच दुसऱ्यांची धुणीभांडी करते, तिला तो कोण देणार?

जर्मनीचंही सगळं आलबेल नाही. संशोधकांची नोकरी कंत्राटी असते; मुलामागे दोन वर्षं ते कंत्राट वाढवायची कायद्यात मुभा आहे, हक्क नाही; प्रकल्पातले पैसे संपले की विषय संपला. प्राध्यापकांत बायका एक-तृतीयांशही नाहीत. कामगाराच्या किंवा तुर्की स्थलांतरिताच्या मुलीची या धोरणांत फारशी दखलच नसते. इथे महाराष्ट्र पुढे आहे. अनुसूचित जाती, आदिवासी, ओबीसी, मराठा, प्रत्येकासाठी संस्था काढून कोण मागे राहिलं हे आपण उघड मान्य केलं. ते मोडीत काढायची भाषा मला सहन होत नाही.

म्हणून आंदोलनांच्या मागणीपत्रात जागांच्या आकड्याशेजारी आणखी काही यावं. पैसे दर महिन्याला, ठरल्या तारखेला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात पीएचडीच्या मुलींना २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे; ती गाइडने स्वतःहून सांगावी. आणि विद्यापीठाच्या आवारात पाळणाघर हवं, शिपाईबाईंच्या आणि संशोधक मुलींच्या लेकरांसाठी एकच.