रविवारच्या वेटिंगबद्दल, एक स्टार दिलेल्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. रविवारी रात्री तुम्ही आई-वडील आणि मुलं मिळून सहा जण सोलापुरात आमच्याकडे मटण-भाकरी जेवायला आलात, सव्वा तास बाहेर बसलात आणि न जेवता निघून गेलात. आत दोन टेबलं रिकामी दिसत होती, तुमच्या मागून आलेले दोघं आधी आत गेले, फोनवर बुकिंग घेत नाहीत, म्हणजे इथे ओळख असेल तरच जागा मिळते, असं तुम्ही लिहिलंय. भुकेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन तुम्हाला परत जावं लागलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ओळखीची गोष्ट खरी नाही. ती तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलीत, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतोय.

आधी त्या दोघांचं सांगतो. भिंतीलगतची छोटी टेबलं दोनच माणसांची आहेत. त्यातलं एखादं मोकळं झालं की वेटिंगच्या वहीत वरून खाली बघत जे पहिले दोघं सापडतील त्यांना हाक मारतो. तुमचं सहाचं टेबल त्यांनी घेतलं नाही. वही दारातच स्टुलावर असते, कुणीही उघडून बघावी. नगरसेवक आले तरी नाव तिथेच लिहितात, माझे मेहुणे आले तरी तिथेच.

आता रिकामी टेबलं. ती मीच रिकामी ठेवायला सांगतो. आमच्याकडे किती माणसं बसवायची हे खुर्च्या मोजून ठरत नाही, तवे बघून ठरतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. कणीक मळून झाकून ठेवली तर पोळी उलट मऊ होते. ज्वारीचं तसं नाही. गरम पाण्यात मळलं की लगेच थापावं लागतं, ठेवलं की भाकरी कडेने चिरते आणि फुगत नाही. पीठसुद्धा ताजं दळलेलं लागतं, जुन्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. म्हणून एका वेळी एका भाकरीपुरताच गोळा मळायचा, परातीत थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, ते सुकलं की उलटायची आणि मग विस्तवावर शेकायची. बाजारात भाकरीचं मशीन मिळतं, पण मला ते नको आहे. हाताने थापलेल्या भाकरीला जो पापुद्रा सुटतो, त्याच्यासाठी लोक लांबून येतात. आमच्याकडे चार मावश्या चार तव्यांवर असतात आणि रविवारी आठ ते दहा त्यांना मान वर करायला सवड नसते. त्या वेळी सगळी टेबलं भरली तर रस्सा पुढ्यात येऊन निवतो आणि माणूस भाकरीसाठी हाका मारत बसतो. असं जेवण मला कुणालाच द्यायचं नाही. आणि मावश्यांच्या मागे उभं राहून घाई करणं तर मी कधीच करणार नाही. दिवसभर विस्तवापुढे राबणारे हात आहेत ते.

तुम्ही बाहेरगावचे आहात म्हणून रविवारचंही सांगतो. सोमवार सिद्धरामेश्वरांचा, मंगळवार तुळजाभवानीचा, गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा, शनिवार मारुतीचा. सोलापुरात बऱ्याच घरांत यातले दोन-तीन वार तरी मटण शिजत नाही. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यात सुट्टी फक्त रविवारी. शिवाय अक्कलकोट-तुळजापूर करून पुण्याकडे किंवा हैदराबादकडे परतणाऱ्या गाड्याही त्याच रात्री शहरात जेवायला थांबतात. आषाढ संपत आला की याहून जास्त झुंबड असते, आणि श्रावण लागला की हीच टेबलं ओस पडतात.

बुकिंग का नाही? बुकिंग केलेलं कुटुंब अर्धा तास उशिरा येतं, तेवढा वेळ ते टेबल अडून राहतं आणि दारातली माणसं त्याच्याकडे बघत उभी असतात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. आमच्याकडे जेवणाऱ्यांत सिव्हिलमध्ये पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक असतात, मोहोळ-बार्शीकडून कामाला आलेले असतात. घरचा माणूस दवाखान्यात असताना कुणी दोन दिवस आधी फोन करून टेबल धरून ठेवत नाही. बुकिंग सुरू केलं तर रविवारची सगळी टेबलं फोनवरच संपतील आणि या माणसांना मला दारातून परत पाठवावं लागेल. ते मी करणार नाही, एक स्टार मिळाला तरी.

वडीलधाऱ्यांना आधी आत का घेत नाही, असंही तुम्ही विचारलंय. रविवारी जवळजवळ प्रत्येक कुटुंबात आजी-आजोबा असतात, मग कुणाच्या आजोबांना मागे ठेवायचं? पण साखरेचा त्रास असेल, गोळीची वेळ झाली असेल किंवा लहान मूल रडत असेल, तर वहीवाल्या मुलाला तेवढं सांगा. बाहेरच्या बाकावरच ताक, कडक भाकरी आणि शेंगाचटणी देतो. कडक भाकरी आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे तिला तव्याची वाट बघावी लागत नाही. याचे पैसे आम्ही घेत नाही.

तुमचं सहाचं टेबल लागलं तेव्हा वहीतल्या तुमच्या नंबरवर फोन केला होता. पण तुम्ही निघाला होता, फोन उचलला गेला नाही. मग पुढच्या कुटुंबाला बसवलं.

पुन्हा येणार असाल तर बुधवारी किंवा शुक्रवारी या, फारसं थांबावं लागत नाही. रविवारीच जमत असेल तर साडेसातच्या आत या. दहानंतर बसायला जागा मिळते, पण मटण संपलेलं असू शकतं, मग पिठलं किंवा शेंगाची आमटी. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरली की मात्र सगळे वार रविवारसारखेच असतात, तेव्हा दुपारी एकच्या आत आलात तर बरं. काळ्या मसाल्याचं मटण घरी न्यायचं असेल तर पार्सलची खिडकी रस्त्याच्या बाजूला वेगळी आहे, तिथे वहीत नाव लिहावं लागत नाही. आई-वडिलांना माझा नमस्कार सांगा.