यिर्मयाचे पत्र सलग वाचताना

यिर्मया 29:11 हे वचन ज्याला ठाऊक नाही असा ख्रिस्ती वाचक विरळाच. देवाच्या मनात आपल्याविषयी असलेले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे त्यातले आश्वासन आपण एकमेकांना आवर्जून पाठवतो आणि ते योग्यच आहे. परंतु देवाच्या विश्वासूपणावर विसंबायला शिकायचे असेल, तर हे वचन एकटे न वाचता अठ्ठाविसाव्या अध्यायापासून सलग वाचले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हे शब्द एका पत्रातले आहेत. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने ते लिहिले. त्याच्या दहाव्या वचनात देव सांगतो की, बाबेलची 70 वर्षे भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांच्या हयातीत ती सुटका होणारच नव्हती. त्यांना आज्ञा मिळाली ती घरे बांधण्याची, मळे लावण्याची, मुलाबाळांची लग्ने करण्याची आणि ज्या परक्या नगरात ते राहत होते, त्याच्या हितासाठी प्रार्थना करण्याची.

त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भेटतो. मंदिरात, याजकांदेखत आणि सर्व लोकांदेखत, तो देवाच्या नावाने जाहीर करतो की दोन वर्षांत बंदिवान परत येऊन सारे पूर्ववत होईल. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून मानेवर जू घेऊन उभा असलेला यिर्मया यावर प्रथम काय म्हणतो? ‘आमेन, परमेश्वर असेच करो.’ ती बातमी खरी ठरावी, असे त्यालाही वाटत होते. मग हनन्या ते जू काढून मोडतो आणि यिर्मया मुकाट्याने निघून जातो; देवाकडून नवे वचन आल्यावरच तो हनन्याला उत्तर द्यायला परततो. लोकांच्या आशेला खतपाणी घालणे सोपे असताना देवाने न दिलेली मुदत स्वतःच्या तोंडून न देण्याचा त्याचा हा संयम मला फार मोठा वाटतो. आपलीही निराशा पुष्कळदा हनन्याच्या दोन वर्षांवर विसंबल्यामुळे होते, आणि दोष मात्र आपण देवाला देतो.

पुढे दानीएलाच्या नवव्या अध्यायात याच 70 वर्षांचा उल्लेख येतो. बाबेलमधल्या बंदिवानांपैकीच एक असलेला दानीएल यिर्मयाचे लिखाण वाचतो, काळ भरत आल्याचे त्याला समजते, आणि तो निवांत न बसता उपास करून, अंगावर गोणपाट व राख घेऊन प्रार्थनेला लागतो. आमच्या नीतिमत्त्वामुळे नव्हे, तर तुझ्या दयेमुळे विनवतो, असे तो म्हणतो. वचन वाचून भरवसा वाढतो म्हणजे नेमके काय होते, हे मला या प्रार्थनेतून जितके कळले तितके दुसऱ्या कशातून कळले नाही.

इ.स.पू. 538 मध्ये पारसाचा राजा कोरेश याने परतीचा हुकूम काढला, आणि एज्राचे पुस्तक आरंभीच सांगते की यिर्मयाच्या तोंडचे वचन पूर्ण व्हावे म्हणून हे घडले. त्याच पुस्तकात नव्या मंदिराचा पाया घातला जाताना पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडले, असेही लिहिले आहे. अभिवचन पूर्ण झाल्याचे सांगताना शास्त्र त्यांचे रडणे झाकून ठेवत नाही, म्हणून मी त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवतो.