बहुउद्देशीय क्रीडा संकुल चालवावे कसे?

तुमच्या विद्यापीठाला इनडोअर स्टेडियम मंजूर झालं का? अभिनंदन! आता पहिला सल्ला ऐका: खेळाडूंना काही विचारत बसू नका. छत उंच हवं, दिव्यांचा झोत डोळ्यांत जायला नको, यापलीकडे त्यांची झेप जात नाही. तुम्ही बघायचं ते पार्किंग, मंचामागची व्हीआयपी खोली आणि जेवणावळीला जागा.

आदर्श हवा तर गोव्याला जाऊन या. ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठाच्या परिसरात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम आहे. जानेवारी २०१४ मधल्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी, म्हणजे पोर्तुगीज भाषक देशांच्या क्रीडामेळ्यासाठी, ते उभं राहिलं. पुढे तिथे इफ्फीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, उद्घाटनं झाली, २०१९ मध्ये अमिताभ आणि रजनीकांत येऊन गेले, मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या साक्षीने मुख्यमंत्र्यांचा शपथविधी पार पडला. कोविडमध्ये रुग्णांच्या खाटाही लागल्या. (त्याला नावं ठेवण्याची माझी हिंमत नाही, ती वेळच तशी होती.) पण तुमच्याकडे महामारी नसतानाही हॉल रिकामा राहता कामा नये.

आता फ्लोअर. लाकडी असेल तर जिवापाड जपा, निदान उद्घाटनापर्यंत. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, बॅडमिंटनचं १३.४० बाय ६.१०. सगळ्यांच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत एकमेकींवर आखून घ्या, फोटोत छान दिसतात. दारावर ‘नॉन-मार्किंग शूजशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी ठोका आणि त्याच पाटीखालून मांडववाल्याला लोखंडी खुर्च्यांची चळत फरफटत आत नेऊ द्या. वर हिरवी मॅट अंथरली की ओरखडे झाकले जातात. मॅट चिकटपट्टीने चिकटवतात. ती उचकटताना सर्व्हिस लाइनचा रंगही सोबत निघतो. तो पुढच्या बजेटमध्ये.

वर्षभराचं बुकिंग अवघड नाही. दीक्षान्त समारंभ, नोकरी मेळावा, कुणा महाराजांचं प्रवचन, हातमागाच्या साड्यांचं ‘शेवटचे दोन दिवस’वालं प्रदर्शन. शिवाय निवडणूक आहेच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १६० खाली मतदान केंद्रासाठी किंवा मतपेट्या ठेवायला जागा ताब्यात घेता येते. मग सीलबंद दाराबाहेर बंदूकधारी जवान आणि आत तुमची नेट. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या संघाला सांगा, हीसुद्धा देशसेवाच.

एक पथ्य मात्र पाळा. २०२२ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममधून खेळाडूंना संध्याकाळी लवकर बाहेर काढलं जातं आणि मग तिथे एक सनदी अधिकारी कुत्रा फिरवतात, अशी बातमी आली आणि साहेबांची बदली थेट लडाखला झाली. कुत्र्याच्या नावाने रीतसर भाडेपावती फाडली असती, तर त्यालाच ‘समाजोपयोगी वापर’ म्हणता आलं असतं.

एवढ्यावरही एखादा खेळाडू सरावासाठी अर्ज घेऊन आलाच, तर त्याला नाही म्हणू नका. क्रीडा संचालकांची शिफारस, कुलसचिवांची मंजुरी, अनामत रक्कम आणि अग्निशमन दलाचा नाहरकत दाखला मागा. पोरगं चिकट निघालं आणि चारही कागद घेऊन आलं, तर त्याला खुशाल पहाटे सहा ते सातची वेळ द्या. शिपाई किल्ली घेऊन साडेसातला येतो.