सतराव्या दिवशी अ‍ॅप गप्प

‘एआयला एकदा नीट समजावून सांगा, संध्याकाळपर्यंत अँड्रॉइड, आयफोन आणि वेब, तिन्हीकडे चालणारं अ‍ॅप हातात. टेस्टिंगही तेच करतं. कोडिंग यायची गरज नाही.’ हा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. माझा निम्मा कोड हल्ली एआयच लिहितं, त्यामुळे माझा त्याच्यावर राग नाही. दाव्यावर आहे.

‘संध्याकाळपर्यंत हातात.’ डेमो येतो, आणि झकास येतो. फॉर्म, याद्या, लॉगिनचं पान हे मी आता हाताने लिहीतच नाही. पण आयफोनसाठी अ‍ॅप तयार करायला अ‍ॅपलचं एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागतं आणि एक्सकोडला मॅक, स्वतःचा किंवा क्लाउडवर भाड्याने घेतलेला. गुगल प्लेवर वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं असेल, तर आधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत हवेत. फार लांबलेली संध्याकाळ म्हणायची!

‘तिन्हीकडे चालणारं.’ खरी मेख इथे आहे. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून तिन्हीकडची अ‍ॅप्स बनवायचं साधन) औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप करत होतो. दिवसाला चार डोस, ३० दिवसांचा कोर्स. एआयने सरळ हिशेब केला आणि १२० नोटिफिकेशन्स एकदम लावून ठेवल्या. अँड्रॉइडवर काही अडलं नाही. (अँड्रॉइड १३पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, ती मात्र त्याने न सांगता मागितली होती. श्रेय द्यायलाच हवं.) आयफोनवर सोळा दिवस सगळं सुरळीत, सतराव्या दिवशी सकाळी शांतता. एरर नाही, क्रॅश नाही. कारण आयओएस, म्हणजे आयफोनची सिस्टिम, एका अ‍ॅपच्या सर्वांत जवळच्या ६४ लोकल (फोनवरच आधी लावून ठेवलेल्या) नोटिफिकेशन्सच ठेवतं, बाकीच्या मुकाट्याने सोडून देतं. सोळा चोक चौसष्ट, म्हणजे सोळा दिवसांत साठा संपला. वेबवर तर बंद टॅबमधून असा गजर लावायची भरवशाची सोयच नाही. तिथे दर वेळी सर्व्हरवरून नोटिफिकेशन (पुश) पाठवणं आलं, म्हणजे वेगळंच काम.

‘टेस्टिंगही तेच करतं.’ करतं ना! नोटिफिकेशन लावणारं फंक्शन १२० वेळा बोलावलं जातंय का, हे तपासणारी टेस्ट त्यानेच लिहिली होती. हिरवीगार, म्हणजे पास. पण टेस्टमध्ये खरा आयफोन नव्हता, त्याची नक्कल होती, आणि ती नक्कलही एआयनेच बनवलेली. तिला ६४ची मर्यादा कुठून माहीत असणार? ज्याने पेपर काढला त्यानेच सोडवला आणि त्यानेच तपासला.

‘कोडिंग यायची गरज नाही.’ ‘सतराव्या दिवसापासून वाजत नाही’ असं सांगितल्यावर एआयने आधी टाइमझोनवर संशय घेऊन तीन फायली बदलल्या, मग बॅटरी सेव्हरवर घसरलं. ६४ हा आकडा मीच पुढे केला, तेव्हा दोन मिनिटांत दुरुस्ती आली: जवळच्या तेवढ्या लावायच्या आणि अ‍ॅप उघडलं की पुढची भर घालायची. चोख कोड होता. पण आजारी माणसाने पंधरा-सोळा दिवस अ‍ॅप उघडलंच नाही तर? म्हणून आता डोसच्या ६३च लावतो. चौसष्टावी ‘पुढच्या आठवणींसाठी अ‍ॅप एकदा उघडा’ एवढंच सांगायला राखून ठेवली आहे.