'हे लँडस्केपच आहेत ना सगळे?'

गेल्या महिन्यात माझी जलरंगातली बारा लँडस्केप, म्हणजे निसर्गचित्रं, घेऊन एका गॅलरीत गेले होते. समोरच्या गृहस्थांनी सगळी शांतपणे पाहिली, कागद कुठला वापरता ते विचारलं, दोन-तीन चित्रं उजेडाकडे धरूनही पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, हात छान आहे तुमचा. पण हे लँडस्केपच आहेत ना सगळे? पुढे काय करणार?"

'पुढे काय' हा प्रश्न मी कॉलेजात असल्यापासून ऐकते आहे. पहिली दोन वर्षं आउटडोअरला जायचं, घाट-देवळं-बोटी करायच्या, हात बसला की 'खऱ्या' चित्रकलेकडे वळायचं, असा एक क्रम सगळ्यांनी मनात धरलेला असतो. चाळिशीनंतरही कुणी लँडस्केप करत राहिलं, तर त्याला पुढचं काही सुचलं नाही असं समजतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांनी या देशात जमीन, पाणी, आकाश रंगवण्यात आयुष्य घातलं, त्यांच्याकडे पाहिलं तर मुळीच पटत नाही.

सुरुवात रविवर्म्याच्या घरातूनच करते. राजा रविवर्मा आपल्या घराघरांत ओलिओग्राफमधून, म्हणजे छापील रंगीत चित्रांतून पोचला. त्याचा धाकटा भाऊ सी. राजा राज वर्मा मात्र फारसा कुणाला आठवत नाही. तो मनानं निसर्गचित्रकार होता. भावाबरोबर देशभर हिंडला, कामांचा व्यवहार सांभाळला, डायरी लिहिली आणि भावाच्या चित्रांमध्येही त्यानं हात चालवला. दमयंती आणि शकुंतला आपण डोळे भरून पाहतो, त्यांच्या मागची झाडी आणि पाणी कुणी पाहत नाही. तो १९०५ साली गेला, पंचेचाळिशीच्या आतबाहेर. पुढच्या वर्षी रविवर्माही गेला. पार्श्वभूमी रंगवणारा माणूस स्वतःही पार्श्वभूमीतच राहिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आपल्याकडे या. आबालाल रहिमान. कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले चित्रकार. एवढं शिक्षण आणि दरबारचा आधार असलेल्या माणसाला मुंबईत पोर्ट्रेटची कामं सहज मिळाली असती, त्या काळी पैसा त्यातच होता. ते कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी फकिरासारखे राहिले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा. त्याच जागा, वेगळी वेळ, वेगळा उजेड. शेवटी आपली हजारो चित्रं त्यांनी कोटितीर्थात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. ती गोष्ट शब्दशः खरी की पुढे वाढत गेलेली, हा वाद मी घालत नाही. त्यांचं फार थोडं काम आज पाहायला मिळतं, एवढं मात्र खरं आहे. १९३१ मध्ये ते गेले. मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम कोटितीर्थावर बसून एक चित्र केलं. आता चारी बाजूंनी शहर आहे. तरी सकाळी साडेसहाला पाण्यावर जो करडा उजेड येतो, तो पकडताना माझे तीन कागद फुकट गेले. एकाच तळ्याकडे माणूस आयुष्यभर का जात राहिला असेल, ते त्या तिसऱ्या कागदावर कळलं.

यात किती कौशल्य लागतं ते ज्यानं कधी जलरंगात आकाश केलं नाही त्याला सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करते. धोंड मास्तरांचं, म्हणजे प्रल्हाद अनंत धोंडांचं, एखादं समुद्राचं चित्र घ्या. जवळजवळ रिकामा कागद. ओल्या कागदावर एक लांब वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, खाली वाळूचा एक पट्टा, कुठेतरी एखादी होडी किंवा नुसती तिची खूण. बस. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा ठेवायचा असतो. म्हणजे लाटेचा फेस कुठे येणार हे पहिला ब्रश टेकवण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. त्यात कोकणातली दमट हवा. कागद लवकर वाळत नाही, रंग पसरत राहतो, आणि कुठल्या क्षणी हात काढून घ्यायचा हे मिनिटभरात ठरवावं लागतं. उशीर झाला की चिखल. तेलरंगासारखं खरवडून परत करता येत नाही. हे धोंड मास्तर १९५८ ते १९६८ जे. जे.चे डीन होते, किती पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस समुद्रच करत राहिला. 'पुढे काय' हे त्यांना कुणी विचारलं असेल का?

आणि आता रझा. सय्यद हैदर रझा म्हटलं की बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांतला तो मोठा गोल, आणि बिंदू म्हटला की कोटींचे आकडे. २०२३ मध्ये त्यांचं एक मोठं चित्र मुंबईच्या लिलावात ५१.७५ कोटींना गेलं. पण रझांची सुरुवात बघा. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातलं जंगल, वडील वनखात्यात, जवळ नर्मदा. नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, मग मुंबई, छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी, आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या रस्त्यांची जलरंगातली चित्रं. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, रझा इथेच राहिले. १९४८ मध्ये काश्मीरला गेले असताना तिथे फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ भेटला. तो म्हणाला, चित्रांत रचना कमी पडते, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास कर. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला पोचले.

इथून पुढची गोष्ट सगळे अशी सांगतात: रझांनी लँडस्केप सोडलं आणि ते मोठे झाले. मी म्हणते, त्यांनी कधीच सोडलं नाही. चित्रांची नावं वाचा. राजस्थान. सौराष्ट्र. तपोवन. 'ला तेर', म्हणजे जमीन, माती. घरं आणि झाडं ओळखू येईनाशी झाली, पण उन्हाळ्याचा लाल आणि जंगलातल्या रात्रीचा काळा तसाच राहिला. साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून ते भारतात परतले, २०१६ मध्ये दिल्लीत गेले, आणि त्यांना मंडल्यात वडिलांच्या शेजारी दफन केलं. ज्या मातीचं चित्र काढत होते तिथेच.

चित्रकार अकबर पदमसींचंही तेच. १९७० पासून ते 'मेटास्केप' करू लागले. कालिदासाच्या शाकुंतलाच्या नांदीत काळाचं विधान करणाऱ्या सूर्य-चंद्राचा उल्लेख आहे, तिथून त्यांना ते सुचलं. एका आकाशात दोन्ही गोल, खाली डोंगर, पाणी. कुठलं गाव विचारलंत तर सांगता येणार नाही, पण ते लँडस्केप नाही असं कोण म्हणेल?

रझांबरोबर ज्यांचं नाव निघायला हवं आणि निघत नाही ते हरी अंबादास गाडे. १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, मुंबईतल्या नव्या वळणाच्या चित्रकारांचा गट, आठवा. सुझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे, असे सहा संस्थापक. गाडे आपल्या विदर्भातले, तळेगाव दशासरचे. विज्ञानाचे पदवीधर, आणि नागपूरच्याच कलाशाळेचे. उतारावरच्या वस्त्या, एकमेकांना टेकून उभी असलेली घरं, आणि रंग असा की घराची भिंत आणि आकाश यांच्यात भांडण लागावं. सहा जणांपैकी चौघांची नावं तरी कलेशी संबंध नसलेल्या माणसालाही माहीत असतात. गाड्यांचं नाव मराठी माणसालाही सांगावं लागतं. ते २००१ मध्ये गेले. माझ्या मते त्यांना विसरण्याचं एक कारण हेच, की ते लँडस्केपवाले होते. सुझाच्या न्यूडवर खळबळ होते, हुसेनच्या घोड्यांवर बातमी होते. घरांच्या रांगेवर काय बातमी होणार?

राम कुमारांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला सगळ्यांत जवळची. जन्म सिमल्याचा. बँकेतली नोकरी सोडून पॅरिसला गेले, आंद्रे ल्होत आणि फेर्नां लेजे या चित्रकारांकडे शिकले. परत येऊन शहरातली उदास, बेकार माणसं रंगवू लागले. हिंदीत कथाही लिहीत. मग साठच्या आसपास हुसेनबरोबर बनारसला गेले. ज्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते, तिथून आल्यावर त्यांच्या चित्रांतून माणूसच नाहीसा झाला. नुसती घरं, भिंती, पाण्याची पट्टी. हे उलट वाटतं, पण घाटावर चार तास बसून पाहा. गर्दी येते आणि जाते. दगड आणि पाणी राहतं. मी पैठणला गोदावरीच्या घाटावर बसते तेव्हा दर वेळी राम कुमार आठवतात.

बायकांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या सगळ्या यादीत बाई कुठे आहे? देवयानी कृष्ण आहेत, इंदूरच्या, जे. जे.त शिकलेल्या, ज्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्रकार पती कंवल कृष्ण यांच्यासोबत हिमालयात दूरवर हिंडल्या आणि तिथे चित्रं केली. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण हातात नाही, रस्त्यावर आहे. लँडस्केपला एका जागी तीन-चार तास बसावं लागतं, बहुतेक वेळा एकटीनं, पहाटे किंवा संध्याकाळी, कारण लांब सावल्या तेव्हाच मिळतात. मी नव्या ठिकाणी गेले की आधी उजेड पाहत नाही, पाठीमागे भिंत आहे का ते पाहते. मागून कुणी येऊन उभं राहणार नाही अशी जागा सापडली की मग तिथून जे दिसेल ते माझं चित्र. माझ्या कितीतरी रचना अशा भिंतींनी ठरवल्या आहेत. पाणी कमी पिऊन बसायचं, हेही बायकांना सांगावं लागत नाही.

बंगालचे चित्रकार विनोद बिहारी मुखर्जींचं नाव घेते आणि थांबते. एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नसे, दुसराही अधू. शांतिनिकेतनात शिकले, तिथेच शिकवलं. पावसानं चिरत गेलेली तिथली लाल माती, खोआई म्हणतात तिला, तिची त्यांनी कितीतरी चित्रं केली. १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. तरी कागद कापून, चिकटवून, बोटांनी चाचपून ते काम करत राहिले. अशा माणसाच्या निसर्गचित्राला हात बसवण्याचा सराव म्हणायचं?

माझी खरी काळजी या चित्रांच्या कागदाची आहे. तेलरंगाचा कॅनव्हास बराच काळ तग धरतो. जलरंगाचा कागद ऊन लागलं की फिका पडतो, त्यातही लाल आणि जांभळे आधी जातात. ओल धरली की तपकिरी ठिपके येतात, मग कसर लागते. आपल्याकडच्या निसर्गचित्रकारांचं निम्मं काम संग्रहालयांत नाहीच, ते लोकांच्या दिवाणखान्यांत आहे, लग्नात भेट मिळालेलं, शिक्षकांनी निरोपाच्या वेळी दिलेलं. म्हणून विनंती. घरात आजोबांच्या वेळचं एखादं समुद्राचं किंवा घाटाचं चित्र असेल तर समोरच्या खिडकीतून त्यावर ऊन येतं का पाहा, येत असेल तर भिंत बदला. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा पिवळा पडून ठिसूळ झाला असेल तर जाणकाराकडून ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राच्या कागदाला न खाणारा पुठ्ठा, घालून घ्या. आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक सही असेल, ती वाचता आली नाही तर फोटो काढून मला पाठवा. मी वाचायचा प्रयत्न करीन.